बघू नावाचं बटण

४ मार्च, सोमवार

मतदारांना भेट म्हणून छापलेल्या डायऱ्यांपैकी दोनशे उरल्या. दर पानाच्या कोपऱ्यात माझा हात जोडलेला फोटो असल्यामुळे लिहायला जागा थोडी कमी आहे, पण सोबत चांगली आहे. ही म्हणाली, रद्दीवालासुद्धा नको म्हणतोय, एकीत तुम्हीच काहीतरी लिहा. 'ही' म्हणजे माझी बायको. तिचा सल्ला मी सहसा ऐकतो, कारण न ऐकल्यास तो पुन्हा येतो.

तर लिहितो. नगराध्यक्ष होऊन मला दहा वर्षं झाली. मतदान ११ एप्रिलला आहे. मागच्या वेळी एक्केचाळीस मतांनी आलो होतो, त्याला मी सगळीकडे 'भरघोस' म्हणतो. यंदा समोर उभ्या आहेत वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. त्यांचा मुद्दा एकच. वाचनालयामागच्या गल्लीत गटाराच्या चेंबरला झाकण नाही. त्यांनी त्याबद्दल सतरा तक्रारी दिल्या म्हणे. एका झाकणासाठी कुणी निवडणूक लढवतं का?

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. अध्यक्ष होण्याआधी माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आता पडलो तर करू काय? हात विसरले असतील.

आज केबिनमध्ये नवी फिरती खुर्ची आली. जुनी सफाई खात्याला देऊन टाकली. तिच्या डाव्या हातावर माझी अंगठी आपटून आपटून खळगा पडला होता, त्यामुळे जाताना जरा वाईट वाटलं. पण कुठेतरी लोकांच्या उपयोगी पडेल.

स्वीय सहायकाने रखडलेल्या उद्घाटनांची यादी वाचून दाखवली. दोन बाक, तीन दिवे, एक कमान, आणि शेवटी 'लोखंडी गोल वस्तू, एक नग'. ही काय भानगड आहे ते त्यालाही कळेना. शिल्प असावं. बघू म्हटलं.

या सहायकाला सगळं कार्यालय होयबा म्हणतं. मी एकदा त्याला विचारलं होतं, तुला असं का म्हणतात रे? तो म्हणाला, "होय साहेब."

७ मार्च, गुरुवार

ताईची मुलगी दोन-तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आली आहे. वरच्या खोलीत बसून गेम बनवते. इतकी वर्षं मी समजत होतो की ही पोरगी नुसती गेम खेळते, आणि तसं ताईला ऐकवतही होतो. बनवायलाही कुणीतरी लागतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी जेवताना ती वाचनालयामागच्या गल्लीबद्दल काहीतरी सांगत होती, पाय जाता जाता वाचला वगैरे. बघू म्हटलं. माझ्या डोक्यात त्या वेळी वीज चमकली होती. तरुण मतं मला मिळत नाहीत. तरुण दिवसभर फोनमध्ये. मग मीच फोनमध्ये का जाऊ नये? नगराध्यक्षावर गेम. खेळणाऱ्याने शहर चालवायचं आणि हे काम किती अवघड आहे ते त्याला कळायचं.

भाचीने आधी नाही म्हटलं. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "करते. पण नियम मी ठरवणार."

मी म्हटलं, ठरव की. पोरीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मामाबद्दलचा अभिमान असणार.

१२ मार्च, मंगळवार

नियमांवरून दोन तास वाद. माझ्या अपेक्षा साध्या होत्या. एक, अध्यक्ष हरता कामा नये. दोन, जे काही बिघडेल ते आधीच्या लोकांनी बिघडवलेलं असावं. तीन, विरोधी बाई चष्मा लावणारी आणि तिरसट दाखवावी.

भाची म्हणाली, "मामा, हरताच येत नसेल तर तो गेम नाही, सत्कार आहे."

मी म्हटलं, सत्कारात वाईट काय आहे? तिने मग मला समजावलं की माणूस गेम खेळतो तो चुकायला. खड्ड्यात पडतो, कळतं का पडलो, पुन्हा उडी मारतो. आपल्यामुळे पडलो हे कळलं तर त्याला राग येत नाही, उलट चेव येतो. उगाचच पाडलं तर मात्र तो गेम फेकून देतो. "म्हणजे दोष कुणाचा हे स्वच्छ दिसायला हवं," असं ती म्हणाली. मला ते राजकारणात फार धोक्याचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

शेवटी तडजोड झाली. खेळणाऱ्याकडे तक्रारी येतील आणि दर तक्रारीला तीन बटणं: 'बघू', 'आधीच्यांनी केलं' आणि 'करतो'. 'बघू'ला एक सेकंद लागेल आणि टाळ्या वाजतील. 'करतो'ला अर्धा दिवस जाईल आणि टाळ्या नाहीत. हे मला एकदम वास्तववादी वाटलं. पोरगी हुशार आहे, आजोळावर गेली आहे.

तिसऱ्या अपेक्षेचं काय, असं विचारलं तर म्हणाली, "बघू."

२० मार्च, बुधवार

गेम खेळून बघायला मिळाला. सुरेख. पडद्यावरचा अध्यक्ष बुटका आणि गोल आहे. हा कुणावर बेतलाय ते मी विचारलं नाही, कारण ही पाठमोरी असली तरी तिच्या खांद्यांचं हसणं मला कळतं.

पहिल्या तासात मी दोनशे बारा तक्रारी निकालात काढल्या. टाळ्याच टाळ्या. होयबा शेजारी उभा राहून त्यात आपल्याही टाळ्या मिसळत होता.

२२ मार्च, शुक्रवार

गेममध्ये दोष आहे. चाळिसाव्या दिवसानंतर अध्यक्षाच्या टेबलाचा खण आपोआप उघडतो आणि आतून जुन्या तक्रारी बाहेर पडतात, आधीपेक्षा मोठ्या होऊन. नळाची गळती म्हणून ठेवलेली तक्रार बाहेर येते ती तळं होऊन येते. माझा अध्यक्ष चार वेळा बुडाला.

भाचीला तातडीने वर जाऊन सांगितलं की यात बग आहे.

"बग नाही मामा," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "बघू आहे. तू जितके बघू दाबलेस तितके सगळे त्या खणात साठलेत."

मी म्हटलं, मग खण मोठा कर. ती म्हणाली की पुढच्या लेव्हलला खण मोठाच होतो. ऐकून बरं वाटलं.

२७ मार्च, बुधवार

गेम परवा सगळ्यांसाठी खुला केला. पोरांनी डोक्यावर घेतला. पहिल्या दहा खेळाडूंची यादीही दिसते. सर्वाधिक 'बघू' दाबणाऱ्यांत पहिला क्रमांक 'लोकसेवक-१' नावाच्या खेळाडूचा आहे, तीन हजार चारशे. दुसऱ्याचे जेमतेम नव्वद. हा लोकसेवक कोण हे कुणालाही कळणं शक्य नाही. मी ते टोपणनाव अगदी विचार करून घेतलं होतं.

सकाळी फेरी मारली तर बसथांब्यावरची पोरं मला बघून एका सुरात "बघू" असं ओरडली. केशकर्तनालयातून एकजण अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन म्हणाला, "बघू साहेब, नमस्कार." दहा वर्षांत एवढं प्रेम मिळालं नव्हतं.

होयबाची सूचना: हीच घोषणा करावी. मला पटली.

१ एप्रिल, सोमवार

चौकाचौकात फलक लागले. माझा फोटो आणि खाली एकच शब्द: बघू. लोक थांबून फलकासोबत आपला फोटो काढून घेतात. काहींना तर हसू आवरत नाही, इतका आनंद.

हिला फलक दाखवायला नेलं. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी काही सांगत नाही का हो?"

मी म्हटलं, सगळे सांगतात की छान आहे. ती म्हणाली की तुमचे सगळे म्हणजे एकटा होयबाच. हिला राजकारण कळत नाही, पण बोलणं मनातून जाईना. घरी आल्यावर चहा निवून गेला तरी तसाच बसून होतो.

४ एप्रिल, गुरुवार

गेममध्ये अडकलोय. नववी लेव्हल. एक गल्ली आहे, मधोमध उघडं चेंबर, आणि लोकांना कळावं म्हणून त्यात कुणीतरी मोडकी खुर्ची उभी करून ठेवली आहे. तक्रार येते. 'बघू' दाबलं की बटण हलतच नाही. 'आधीच्यांनी केलं' दाबलं तर पडद्यावर अक्षरं येतात, 'आधीचे तुम्हीच.' राहिलं 'करतो'. ते दाबलं, तर गेम विचारतो, 'कधी?' आणि समोर कॅलेंडर उघडतं. तारीख दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

तारीख. मी दहा वर्षांत 'लवकरच' म्हटलंय, 'युद्धपातळीवर' म्हटलंय, 'प्रस्ताव विचाराधीन' तर झोपेतही म्हणेन. तारीख कधी दिल्याचं आठवत नाही. अर्धा तास कॅलेंडरकडे बघत बसलो आणि फोन पालथा ठेवला.

उद्या आमची प्रचारफेरी वाचनालयाच्या बाजूने जाणार आहे. आधी एकटाच जाऊन ती गल्ली बघून येतो. खरंच खुर्ची वगैरे असली तर काढून टाकलेली बरी. छायाचित्रात खुर्ची खड्ड्यात दिसणं शुभ नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

आज पडलो. मतदान अजून व्हायचंय.

घडलं ते असं. सकाळी दहाला गल्लीत गेलो. चेंबर होतं, त्यात खुर्ची होती. ओढून बाहेर काढली, भिंतीला लावली, तेव्हा तिच्या डाव्या हातावर बोट फिरलं आणि खळगा लागला. माझी खुर्ची. माझ्याच अंगठीचा खळगा. लोकांच्या उपयोगी पडेल म्हटलं होतं, आणि ती बिचारी महिनाभर उभ्याने लोकांना माझ्यापासून वाचवत होती. होयबाला पाठवावा म्हणून तिचा फोटो काढायला घेतला. खुर्ची पूर्ण मावेना. एक पाऊल मागे गेलो, मग आणखी एक.

छातीपर्यंत आत होतो. खाली गुडघाभर चिखल, उजवा पाय मुरगळलेला, आणि अंगाचा भार असा की नुसत्या हातांच्या जोरावर वर येता येईना. फोन हातात होता हे नशीब. होयबाला लावला आणि म्हटलं, "अरे, मी पडलो."

तो म्हणाला, "साहेब, मतदानाला अजून सहा दिवस आहेत."

"ते नाही. आत्ताच पडलो. पार खाली गेलो."

"समजलो, साहेब," तो जड आवाजात म्हणाला. "दहा वर्षं चांगली गेली." आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर व्यस्त.

मग नगरपालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. पलीकडून माझाच आवाज आला. हा संदेश मीच ध्वनिमुद्रित करून दिला होता, दोन वर्षांपूर्वी, घसा शेकून. 'नमस्कार. मी आपला नगराध्यक्ष बोलतोय. आपली अडचण ती माझी अडचण.' चेंबरमध्ये तो घुमून आणखी भारदस्त वाटत होता. शेवटी 'आपण नक्की बघू' म्हणून तो बंद पडला. मी तो तीन वेळा ऐकला, कारण दुसरं कुणी बोलत नव्हतं.

वाचनालयाची मागची खिडकी उघडली ती वीस मिनिटांनी. ग्रंथपालबाई. त्यांनी मला बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि आत गेल्या. मनात म्हटलं, आता छायाचित्रकाराला बोलावतील. मी तेच केलं असतं. पण बाई वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढायची शिडी घेऊन आल्या आणि ती स्वतः खाली सोडली. मी एकेक पायरी चढत असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडे होयबा होता. विजयाबद्दल अभिनंदन करत होता आणि नवीन अध्यक्षांना अनुभवी सहायक लागेल का, असं विचारत होता. बाई म्हणाल्या, "साहेब इथेच आहेत. वर आले की फोन देते."

मला बाकावर बसवून पाणी दिलं. मग त्यांनी तक्रारींची वही काढली आणि अठरावी तक्रार लिहायला घेतली. मी हात जोडले, अगदी या पानावरच्या फोटोतल्यासारखे, फक्त या वेळी मनापासून. म्हटलं, नाव नका लिहू. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, 'आज सकाळी झाकण नसल्यामुळे एक नागरिक पडला.'

नागरिक. मला दहा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. लाज वाटली, आणि का कोण जाणे, जरा बरंही वाटलं.

५ एप्रिल, संध्याकाळ

ही पायाला लेप लावत होती. मी भाचीला विचारलं, तुला ती गल्ली कशी माहीत? ती म्हणाली, "मी रोज तिथूनच वाचनालयात जाते, मामा. आल्या आल्या तुला सांगितलं होतं. माझा पाय गेला असता."

मी म्हटलं, मग मी काय म्हणालो होतो? भाची खाली बघू लागली. उत्तर हिनेच दिलं, एका शब्दात, लेप जरा जास्त दाबत.

ताईची एकुलती एक मुलगी. माझ्या घरी आलेली.

६ एप्रिल, शनिवार

लंगडत भांडारात गेलो. भांडारवाल्याला म्हटलं, एक झाकण हवंय, आजच. तो म्हणाला, नवीन मागवायला नको साहेब, गल्लीचं झाकण नोव्हेंबरपासून इथंच पडलंय. कोपऱ्यात नेलं. लाल रिबीन बांधलेलं, वर चिठ्ठी: 'लोखंडी गोल वस्तू, एक नग. मा. अध्यक्षांची वेळ मिळाल्यावर लोकार्पण करून बसवणे.'

पाच महिने. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळशावर माझ्याच नावाची चिठ्ठी. होयबाला मी कितीदा 'बघू' म्हटलं असेल ते मोजायला त्या खणाएवढंच कपाट लागेल.

हातगाडीवर घालून झाकण गल्लीत नेलं. होयबा कात्री आणि छायाचित्रकार घेऊन हजर झाला. त्याने कालच्याबद्दल माफी मागितली, मी का पडलो ते विचारलं नाही. छायाचित्रकाराला मी परत पाठवलं. झाकण बसवलं तर एका अंगाला डुगडुगत होतं, वरून पाय गेला की खाडकन आवाज. मशीनचा पाय असा डुगडुगला की आम्ही दुकानात काय करायचो ते हातांना आपोआप आठवलं. रिबीन सोडली, आठ घड्या केल्या आणि कडेखाली सारली. आवाज बंद. आजवर कापलेल्या सगळ्या रिबिनींपैकी हीच एक कामाला आली.

घरी येऊन नवव्या लेव्हलला 'करतो' दाबलं. 'कधी?' मी आजची तारीख दिली. चेंबरवर झाकण बसलं. टाळ्या नाहीत, काही नाही. नुसती एक बाई पडद्यावरून गल्लीतून चालत गेली आणि पडली नाही. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

मोजणी झाली. नऊ मतांनी पडलो.

घरी आलो तर ही दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "या वेळी लागलं नाही ना कुठे?"

लागलं. लिहून ठेवतो. फार लागलं. बाथरूममध्ये नळ सोडून बसलो थोडा वेळ. बाहेर आलो तेव्हा भाची पाटावर माझं ताट घेऊन बसली होती. रागावलास का, असं तिने विचारलं. मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं, की का पडलो ते स्वच्छ दिसतंय, त्यामुळे राग येत नाही.

"मग चेव येतोय का?" ती म्हणाली.

६ मे, सोमवार

घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडलं. जुनी खुर्ची धुऊन पुसून तिथेच ठेवली आहे, एका पायाला पट्टी मारून. आतापर्यंत सहा मशीनं आली. पाटी भाचीने रंगवून दिली: 'येथे तारीख दिली जाते.'

दुकानासमोरचा रस्त्यावरचा दिवा आठ दिवस बंद आहे. आज तक्रार घेऊन नगरपालिकेत गेलो. दारात होयबा होता. त्याने मला ओळखलं, पण काम काय आहे ते विचारूनच आत सोडलं. शिकलाय.

ग्रंथपालबाई माझ्या फिरत्या खुर्चीत बसल्या होत्या. टेबलावर कागदांचा ढीग, दोन फोन वाजत होते, आणि कुणीतरी उद्घाटनांची यादी वाचून दाखवत होतं. मी समोरच्या लाकडी बाकड्यावर बसलो. इथून ती खुर्ची इतकी उंच दिसते हे मला माहीत नव्हतं. माझा कागद त्यांनी घेतला, एका ओळीवर नजर टाकली, दुसरा फोन कानाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघू."

मला कधी नव्हे इतका आनंद झाला. बाई वाईट नाहीत. खुर्चीच तशी आहे.

मी खिशातून ही डायरी काढली, माझ्या हात जोडलेल्या फोटोच्या बाजूला पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "कधी?"

बाईंनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं. शिडी सोडताना बघितलं होतं तसंच. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर घेतलं.

"गुरुवारी," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं.